भिंग तेच, छबी निराळी

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा दोन जातींची असतात. काही वाचकांना एखादे यंत्र कसे चालते ते समजून घ्यायचे असते, आणि काहींना त्याच यंत्रावर कोणापाशी तरी रागवायचे असते. श्रावणात डोंबिवलीच्या एका भगिनींचे आलेले पत्र दोन्ही जातींत बसणारे होते. नेहमीच्या दीड स्तंभात त्याचे उत्तर मावेना, म्हणून विषय दिवाळी अंकासाठी राखून ठेवला.

पत्राचा मथितार्थ असा. घरचा मोबाईल सात वर्षांचा. कंपनीने त्याच्याकडे लक्ष देणे केव्हाच सोडले होते आणि फोन म्हाताऱ्या बैलासारखा बसत उठत चालला होता. इंजिनीअरिंगला असलेल्या चिरंजीवांनी एका रविवारी कंपनीची सारी आज्ञावली त्यातून काढून टाकली आणि लिनेजओएस नावाची फुकट मिळणारी, कोणालाही उघडून पाहता येणारी आज्ञावली तिच्या जागी घातली. फोन पुन्हा तरुण झाला. पण पुढल्याच आठवड्यात बाईंच्या मातोश्रींची पंच्याहत्तरी झाली. संध्याकाळी औक्षणाचे फोटो काढले, ते काळपट आणि रवा सांडल्यासारखे दाणेदार आले. निरांजनाच्या जागी नुसता पांढरा डाग, आणि आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मात्र एकूण एक मोजून घ्याव्यात! "त्याने भिंगाला धक्का लावला का? की फुकटची वस्तू म्हणून ही अवकळा? यंदा दिवाळीला आम्ही पाचही भावंडे बारा वर्षांनी एकत्र येणार आहोत. आई पुढच्या दिवाळीला असेल-नसेल. तेव्हा पूर्वीचेच परत घालून घ्यावे का, तेवढे सांगा."

चिरंजीव निर्दोष आहेत, हे आधी सांगून टाकतो. भिंगाला कोणी हात लावलेला नाही. फोनमधून गेला तो छबी धुणारा माणूस.

त्याचे असे आहे. फोटो भिंगातून निघतो, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ती पूर्वीही अर्धीच खरी होती. ज्यांनी रोल धुवायला टाकले आहेत त्यांना आठवत असेल, की तोच रोल एका स्टुडिओत दिला तर गोरागोमटा होऊन येई आणि दुसऱ्याकडे दिला तर काजळी धरून येई. अंधाऱ्या खोलीत बसलेला तो कारागीर किती वेळ कागदावर उजेड पाडतो, कोठे हाताची सावली धरतो, यावर सारे असे. लग्नाचे फोटो असले तर निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून मामंजींच्या सुरकुत्याही तो पुसत असे. आपण मात्र कौतुक कॅमेऱ्याचे करीत होतो!

मोबाईलमध्ये ही अंधारी खोली फोनच्या पोटातच आहे, आणि तिचे महत्त्व दसपट वाढले आहे. कारण उघड आहे. जुन्या कॅमेऱ्यातील फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असे. मोबाईलमध्ये फिल्मच्या जागी बसलेला सेन्सर पाहा. सोनी कंपनीचा आयएमएक्स ३६३ हा एके काळी फार खपलेला सेन्सर जेमतेम साडेपाच मिलिमीटर लांब आणि सव्वाचार मिलिमीटर रुंद आहे. क्षेत्रफळाने तिसाहून अधिक पटींनी लहान. एवढ्याशा अंगणात १२० लाखांवर प्रकाशाचे घडे मांडलेले! प्रत्येक घड्यात पडणारा प्रकाश तो किती? दुपारी उन्हात ठीक आहे; पण पणतीच्या उजेडात घड्याच्या तळाला चार थेंब जमतात, आणि खरा प्रकाश कोणता व यंत्राची कुरकुर कोणती हेच कळेनासे होते. तीच कुरकुर फोटोत दाणे होऊन उमटते.

शिवाय हे घडे रंगांधळे असतात. त्यांच्यावर लाल, हिरव्या, निळ्या काचांची जाळी बसवलेली असते. निम्म्या काचा हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या. ही युक्ती कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची. १९७६ साली तिला पेटंट मिळाले. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीनांतला एकच रंग मोजलेला असतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून आज्ञावलीने भरायचे असतात. तेव्हा आपण ज्याला फोटो म्हणतो त्यातील दोन तृतीयांश रंग मुळात अनुमानाचा असतो. हे वाचून कोणाला धक्का बसला असेल तर पाणी प्यावे. पुढे याहून नवल आहे.

ते नवल म्हणजे, मोबाईल हल्ली एक फोटो काढतच नाही. २०१३-१४ च्या सुमारास गूगल कंपनीने आपल्या नेक्सस फोनांत एचडीआर प्लस नावाची रीत आणली. स्टॅनफर्ड विद्यापीठातून गूगलमध्ये आलेले प्राध्यापक मार्क लेव्हॉय हे या कामातले एक प्रमुख गृहस्थ. रीत ऐकायला सोपी आहे. कॅमेरा उघडल्याबरोबर तो गुपचूप चित्रे टिपू लागतो. आपण बटण दाबले की लागोपाठची काही चित्रे घेतो. ती मुद्दामच काळोखी ठेवतो, म्हणजे दिव्याची ज्योत पांढरी फटफटीत होऊन वाया जात नाही. मग त्यांचे बारीक चौकोन करून, हात हलला असेल त्या मानाने सरकवून, ती एकमेकांवर बसवतो आणि सरासरी काढतो. खरी वस्तू प्रत्येक चित्रात तिथेच असते. कुरकुर मात्र दर वेळी निराळीकडे पडते. सरासरीत ती विरते. नऊ चित्रे घेतली तर कुरकुर एक तृतीयांशावर येते, सोळा घेतली तर एक चतुर्थांशावर. शेवटी काळोखी भाग उजळायचा, ज्योत तशीच ठेवायची. २०१८ च्या नोव्हेंबरात याच घराण्यातली नाइट साइट ही रीत आली. ती तर अंधारात सहा सेकंदांपर्यंत प्रकाश गोळा करीत बसते.

आता आपल्या दिवाळीचा विचार करा. काळोखी गॅलरी, ओळीने मांडलेल्या पणत्या, मागे जरीच्या साडीतली आजी. एकाच चौकटीत डोळे दिपवणारी ज्योत आणि जवळजवळ न दिसणारा चेहरा! छायाचित्रकाराची परीक्षा घ्यायची तर याहून कठीण प्रश्नपत्रिका काढता येणार नाही. ती आपण दर वर्षी सहज सोडवतो आणि शाबासकी भिंगाला देतो.

ही शाबासकी चुकीच्या पाठीवर पडते याचा दाखला २०१८ सालातच मिळाला. त्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे पोको एफ१ नावाचा फोन २०,९९९ रुपयांपासून विकायला आला. पुढे दोन महिन्यांनी गूगलचा पिक्सेल ३ आला, तो ७१,००० रुपयांपासून. दोहोंच्या मागच्या मुख्य कॅमेऱ्यात सेन्सर तोच, वर सांगितलेला आयएमएक्स ३६३! रात्रीच्या फोटोत मात्र जमीनअस्मानाचा फरक. खरे सांगायचे तर पिक्सेलमध्ये हात थरथरला की भिंग सावरण्याची सोय होती आणि पोकोमध्ये ती नव्हती, हेही जमेस धरले पाहिजे. पण उद्योगी तरुणांनी गूगलच्या कॅमेऱ्याची आज्ञावली फेरफार करून पोकोवर चालवली, तेव्हा त्याच पोकोचे रात्रीचे फोटो ओळखू येईनासे सुधारले. फोनचा एक स्क्रूही कोणी फिरवला नव्हता.

मग लिनेजओएससारख्या मुक्त प्रणालीत हा कारागीर का राहत नाही? तर तो मुळी घराच्या मालकीत नव्हताच. तो कंपनीचा पगारी नोकर. अँड्रॉइड मुक्त आहे असे आपण ऐकतो, ते खरे आहे. पण मुक्त आहे तो घराचा सांगाडा. भिंती, दारे, जिने कोणीही पाहावे, बदलावे. गूगलचा कॅमेरा, नकाशे, दुकान या वस्तू त्या सांगाड्यात कधीच नव्हत्या. २००९ साली स्टीव्ह कॉन्डिक यांनी सायनोजेनमॉड नावाची मुक्त आवृत्ती सुरू केली आणि तिच्यात गूगलची अॅपे घालून वाटली, तेव्हा त्याच वर्षी गूगलची नोटीस आली, की ही अॅपे आमची, वाटू नका. सायनोजेनमॉड २०१६ च्या डिसेंबरात संपली आणि तिच्याच राखेतून लिनेजओएस उभी राहिली. पण तो नियम कायम आहे.

प्रत्येक कंपनीची अंधारी खोली अशीच तिची स्वतःची असते. सेन्सरशी बोलणाऱ्या खालच्या आज्ञावल्या बंद डब्यातल्या असतात. मुक्त प्रणाली बांधणारे लोक त्या कंपनीच्या मूळ आज्ञावलीतून जशाच्या तशा उचलून बसवतात, म्हणून कॅमेरा निदान चालू तरी होतो. वरचे कॅमेरा-अॅप मात्र नवे असते. लिनेजओएसने २०२२ च्या अखेरीस 'अॅपर्चर' नावाचे अॅप आणले. ते नेटके आहे, चटकन उघडते आणि दिवसा उत्तम काम करते. पण दहा-पंधरा चित्रांची चळत लावून चेहरा उजळवणारा कंपनीचा कारागीर त्यात नाही. सर्वांत मौज ही, की गूगलच्या मंडळींनी आपली रीत २०१६ साली शोधनिबंध लिहून जाहीर केली आणि २०१८ साली अभ्यासासाठी ३,६४० चित्रमालिकाही खुल्या केल्या. पाककृती छापून दिली. हात कसा दिला? चकलीची कृती पुस्तकात असतेच. मोहन किती कडकडीत हवे ते आजीलाच ठाऊक.

काही कंपन्या तर नोकर काढून नेताना भांडीही फोडतात. दुसरी प्रणाली घालायची तर फोनचे आतले कुलूप आधी उघडावे लागते. सोनीच्या गेल्या दशकातील कित्येक एक्सपेरिया फोनांत ते उघडताच काही गुप्त किल्ल्या कायमच्या पुसल्या जात आणि त्यांच्याबरोबर दाणे कमी करणारी रीतही निकामी होई. मंद उजेडातले फोटो बिघडतील, असे कंपनीने स्वतःच बजावून ठेवले होते. २०२१ साली सॅमसंगच्या घडीच्या फोनात, गॅलक्सी झेड फोल्ड ३ मध्ये, कुलूप उघडताच कॅमेरे मुळी चालेनासेच होत. आपल्या पैशाने घेतलेल्या घराचे कुलूप आपणच उघडले म्हणून स्वयंपाकघराची चूल विझवावी, हा कोणता न्याय? कंपन्या सुरक्षिततेचे कारण सांगतात. त्यात तथ्य नाही असे नाही, पण भिंगाचा आणि चोराचा संबंध मला अजून कोणी पटवून दिलेला नाही.

हे सारे लिहिण्यापूर्वी मी पडताळा पाहिला. माझा पुतण्या या विषयात मुरलेला आहे. त्याच्या जुन्या फोनवर लिनेजओएस आहे. एका संध्याकाळी देवघरासमोर समई लावून आम्ही बसलो. आधी त्या प्रणालीच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढला: ज्योतींचा गोळा झालेला, देव अंधारात. मग त्याने फेरफार केलेला गूगल कॅमेरा उघडला. "काका, आता श्वास धरून बसा," म्हणाला. चार-पाच सेकंद गेले. पाचही वाती सुट्या दिसल्या, मागच्या गणपतीचा शेंदूरसुद्धा शेंदरी आला. आमच्या सौभाग्यवती मागून म्हणाल्या, "खोलीत इतका उजेड होता कुठे?" हा प्रश्न मी मनात टिपून ठेवला.

मी त्याला विचारले, "हा फेरफार कोणी केला?" तो म्हणाला, "टोपणनावाने वावरतात ही मंडळी. खरं नाव कोणालाच माहीत नाही." येथे मला थोडे थबकावेसे वाटते. कंपनीवर विश्वास नाही म्हणून माणूस मुक्त प्रणालीकडे जातो, आणि फोटो चांगले यावेत म्हणून अनोळखी माणसाने उसवून शिवलेले, उघडून पाहता न येणारे अॅप घरात घेतो; त्याला कॅमेऱ्याची आणि साऱ्या फोटोंची परवानगीही देतो! तरुण मंडळींना यात विसंगती दिसत नाही. मला दिसते. घ्यायचेच तर निदान भरवशाच्या ठिकाणाहून घ्यावे आणि नको त्या परवानग्या देऊ नयेत.

या कोड्यातून स्वच्छ वाट काढली ती ग्राफीनओएस या मुक्त प्रणालीने. ती गूगलच्याच पिक्सेल फोनांवर वाढली. तिच्यात मूळचा गूगल कॅमेरा दुकानातून रीतसर घेऊन बसवता येतो, आणि वर त्याला इंटरनेटची परवानगीच न देण्याची सोय आहे. म्हणजे कारागीर घरात, पण त्याला दाराबाहेर निरोप धाडायची मुभा नाही! फोटोत म्हणाल तर कंपनीच्या फोनाशी काही फरक उरत नाही. तिचा स्वतःचा कॅमेरा आणखी एक गोष्ट करतो, ती मला फार आवडली. फोटोच्या पोटात लपलेली तारीख, वेळ, फोनची जात वगैरे माहिती तो आपणहून काढून टाकतो, आणि ठिकाण तर आपण सांगितल्याशिवाय नोंदवतच नाही. मुलांचे फोटो गावभर पाठवणाऱ्या आईबापांनी याचा जरूर विचार करावा. मात्र जून २०२५ मध्ये अँड्रॉइडची १६ वी आवृत्ती आली तेव्हा पिक्सेल फोनांची जी अंतर्गत मांडणी गूगल पूर्वी जाहीर करी, ती या वेळी केली नाही. मुक्त प्रणाली बांधणाऱ्यांचे काम तेवढ्याने अवघड झाले. सांगाडा खुला राहिला, पण नळ आणि तारा कोठून गेल्या त्याचा नकाशा मालकाने आत ठेवला.

आता सौभाग्यवतींचा प्रश्न. खोलीत इतका उजेड नव्हताच. कंपनीचा कारागीर दिसते ते दाखवत नाही. आपल्याला आवडेल असे त्याला वाटते ते दाखवतो. कित्येक फोन न विचारता कातडी गुळगुळीत करतात, सावळा रंग उजळ करतात. डोंबिवलीच्या भगिनींच्या आईला त्या सुरकुत्या एका रविवारात पडल्या नाहीत. त्या सात वर्षे फोटोत होत्या, आणि सात वर्षे कोणी तरी त्या पुसत होते. मुक्त कॅमेऱ्याने पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवली, इतकेच. दाणे हा दोष आहे, तो मी लपवत नाही. पण सुरकुत्या हा दोष नव्हे. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईचा चेहरा पंचावन्नाचा दिसावा हे ज्याने ठरवले, त्याने तिच्या मुलीला विचारले होते काय?

म्हणून पूर्वीचे परत घालून घेऊ नका, असे मी त्यांना कळवले. एक तर ज्या आवृत्तीकडे कंपनीने पाठ फिरवली आहे तिला चोरांपासून राखणारे ठिगळ यापुढे मिळणार नाही, आणि त्याच फोनवर बँकेचा व्यवहार होणार. दुसरे, चांगला चालणारा फोन निव्वळ फोटोसाठी कपाटात टाकून वीस-पंचवीस हजारांचा नवा घेणे मध्यमवर्गीय घराला परवडत असले तरी शोभत नाही. ज्यांनी अजून बदल केलेला नाही त्यांना मात्र दोन सूचना. कुलूप उघडताना फोनमधले सारे पुसले जाते, तेव्हा फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या. आणि काही बँकांची अॅपे अशा फोनावर चालायचे नाकारतात. आपली बँक काय करते ते आधी विचारा, नाही तर भाऊबीजेची ओवाळणी पाठवताना पंचाईत व्हायची.

राहता राहिला पाच भावंडांचा फोटो. 'ओपन कॅमेरा' नावाचे एक मुक्त अॅप आहे, फुकट आहे, आणि बहुतेक फोनांवर चालते. फोनची तयारी असेल तर त्यात सेन्सरवरचे कच्चे चित्र जसेच्या तसे साठवता येते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ पासून आहे. हे कच्चे चित्र म्हणजे आपली जुनी निगेटिव्ह. डार्कटेबल किंवा रॉथेरापी यांसारख्या मुक्त आज्ञावल्यांवर चिरंजीवांनी ते संगणकावर सावकाश धुवावे. आईचा चेहरा किती उजळायचा आणि सुरकुत्या किती ठेवायच्या हे घरातल्यांनी शेजारी बसून ठरवावे. पहिल्या दिवशी जमणार नाही. नरकचतुर्दशीपूर्वी एक-दोन संध्याकाळी सराव करावा.

काढताना एवढे सांभाळा. माणसांचा फोटो शक्य तो तिन्हीसांजेला, आकाशात निळसर उजेड उरला असताना काढा. पुरता अंधार पडला की कोणतेही अॅप हात टेकते. आईला पणत्यांच्या मागे न बसवता बाजूला बसवा, म्हणजे ज्योतींचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल. बोट ज्योतीवर टेकून प्रकाशाची पट्टी थोडी खाली ओढा. काळोख मागाहून उजळता येतो, जळून गेलेली ज्योत परत आणता येत नाही. फोन हातात धरू नका. फराळाच्या डब्याला टेकवून उभा करा. टायमर दोन सेकंदांवर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. भावंडांना अर्धा मिनिट स्थिर बसायला सांगा, आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा.